मागांच्या आवाजाखाली

महाशिवरात्र सरली आणि उन्हाला धार आली, की महाद्वार रोडच्या कडेला टिमक्यांचे ढीग लागतात. पूर्वी मातीचं कडं आणि वर ताणून बसवलेलं कातडं असायचं. आता पत्र्याचं कडं असतं आणि त्यावर कसलासा जाड प्लास्टिकचा कागद. आवाज मात्र तोच, टणाटणा, डोक्यात खिळा ठोकल्यासारखा. शिमग्यापर्यंत कोल्हापुरातल्या एकाही गल्लीची दुपार धड जात नाही. पोरं दोन काटक्या घेऊन ती बडवत सुटतात, मधेच तोंडावर हात मारून बोंब ठोकतात, आणि कुणी दटावलं तर दुप्पट जोरानं बडवतात. मला टिमकीचा मनस्वी राग येतो. तरी दरवर्षी मी एक विकत घेते.

घेते, कारण मी विज्ञान शिकवते. राहायला कोल्हापुरात, शाळा इचलकरंजीत. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, आणि मधे सातवीची पोरं. वर्षाचं नियोजन कसंही केलं तरी ध्वनीचा धडा बरोबर शिमग्याच्या तोंडावर येतो. बाहेर टिमक्या, आजूबाजूच्या गल्ल्यांतून मागांची खडखड, आणि आत मी फळ्यावर लिहिते, 'ध्वनी'. त्यातला विनोद मला कळतो, पण हसू येत नाही.

इचलकरंजीचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. गल्लीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, प्रत्येक शेडमध्ये कापड विणणारे माग, आणि प्रत्येक मागावर एक धोटा. धोटा म्हणजे टोकदार लाकडी होडीच. पोटात सुताची कांडी घेऊन तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे फेकला जातो. फेकला जातो म्हणजे अक्षरशः हाणला जातो. चामड्याच्या पट्ट्यानं त्याला झटका बसतो, तो पलीकडे जाऊन आदळतो, तिथून पुन्हा झटका. दिवसपाळी, रातपाळी, हेच. असे शेकडो माग एकदम चालतात तेव्हा पायाखालची फरशीसुद्धा थरथरते. तिथली माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. त्यांची पोरं शाळेत येतात तेव्हा शेजारच्या बाकावरच्यालाही नदीपलीकडच्याला हाक मारावी तशी हाक मारतात.

"आवाज कसा तयार होतो?" मी पहिल्या तासाला विचारते.

"हाणल्यावर, मॅडम."

"काय हाणल्यावर?"

"काय बी हाणा की. घंटा हाणली की येतोय. दार हाणलं की येतोय."

"म्हशीला हाणलं की म्हस वरडती."

"कानाखाली हाणली की येतोय, मॅडम. लई मोठा येतोय."

वर्ग हसतो. पुस्तकातला शब्द आहे 'आघात'. तो वाचून दाखवला तर एकाही पोराच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. 'हाणणं' म्हटलं की सगळा वर्ग जागा होतो. आमच्याकडची भाषाच तशी. जेवण झालं की 'चार भाकरी हाणल्या' म्हणायचं, मॅच जिंकली की 'धुतला' म्हणायचं, पेपर अवघड गेला की 'पेपरानं मारलं' म्हणायचं. लाडाच्या पोरालासुद्धा आई 'हाणीन बघ आता' म्हणूनच जवळ ओढते. मी पुण्याच्या प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा तिथल्या एक बाई म्हणाल्या होत्या, मुलांच्या अनुभवविश्वातून संकल्पनेकडे जा. मला त्यांना आमच्या वर्गात एक तास बसवायचं होतं.

ज्या शिमग्याबद्दल मी लिहायला बसले आहे, त्याला आता काही वर्षं झाली. त्या वर्षी मी हट्टाला पेटले होते. न मारताही आवाज येतो हे पोरांच्या डोक्यात घालायचंच, असं ठरवून मी रबर ताणून छेडलं, कंगव्याला कागद लावून फुंकलं, फुग्याचं तोंड ताणून त्यातून हवा सोडली. फुग्याच्या आवाजावर जे व्हायचं ते झालं. तासाची पाच मिनिटं हसण्यात गेली. मग मागच्या बाकावरून सोनाली उठली. बारकी, काटकुळी मुलगी. केसांना तेल चोपडून घट्ट दोन वेण्या. तिचा बाप दत्ता जॉबर, म्हणजे कारखान्यात माग बिघडला की दुरुस्त करणारा. आई मंगल त्याच कारखान्यात मागच्या खोलीत कांड्या भरायची. घर म्हणजे शेडच्या भिंतीला चिकटून दोन खोल्या.

"मॅडम," ती म्हणाली, "न मारता आवाज येतोय, त्ये कळलं. पण कवा कवा मारलं तरी येत न्हाय."

"येतोच. काहीही आदळलं की कंपनं होणारच."

"न्हाय येत," ती म्हणाली आणि खाली बसली.

मला वाद घालणारी पोरं आवडतात, पण चुकीच्या गोष्टीवर हटून बसणारी आवडत नाहीत. मी पट्टी टेबलावर आपटली. "हा आला की नाही?" वर्ग म्हणाला, आला.

दुसऱ्या दिवशी टिमकी काढली. खरी, कातड्याची; बाजार पालथा घालून शोधून आणलेली. वर्गाबाहेर कागद पेटवून ती शेकली, कातडं ताठ झालं, आवाज चढला. तिच्यावर चिमूटभर रवा टाकला आणि हळूच काटकी मारली. रव्याचे कण उड्या मारायला लागले. एकदा ते नाचताना पाहिलं की 'कंपन' हा शब्द कुणाला पाठ करावा लागत नाही. जोरात हाणलं तर कण उंच उडतात, तो आयाम. कातडं जास्त ताणलं तर आवाज बारीक होतो, ती तारता. पोरं टेबलाभोवती एकमेकांच्या अंगावर चढून बघत होती. मी म्हटलं, आपल्या कानातही अशीच एक टिमकी आहे, पडदा. बाहेरची कंपनं हवेतून येतात आणि तिच्यावर आपटतात. ती थरथरली की आपल्याला ऐकू येतं.

"पडदा फाटला तर?" सोनालीच होती.

"तर नीट ऐकू येत नाही."

"शिवता येतोय?"

"बारीक भोक असेल तर आपलं आपण भरून येतं. मोठं असेल तर ऑपरेशन करावं लागतं."

"आणि लसूण तापवून त्येल घातलं तर?"

"अजिबात घालायचं नाही. तेल नाही, पाणी नाही, काडी नाही. कोरडा ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं."

"मग त्येल घातल्यावर आत काय हुतंय?"

"सडतं," मी म्हणाले. सातवीच्या पोरांना असे शब्द लक्षात राहतात. तिनं मान डोलावली. तास संपल्यावर बाकीची पोरं टिमकी बडवायला मागत होती, ही मात्र तिच्या कातड्यावरून बोट फिरवत उभी होती. कुठे पातळ आहे, कुठे जाड आहे, ते बघत असावी. मी तिला काही विचारलं नाही. मला वाटलं, मुलगी हुशार आहे.

इचलकरंजीत आठवड्यातून एक दिवस वीज बंद असते. गावात त्याला लाईटची सुट्टी म्हणतात. त्या दिवशी गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं, खरं तर तेव्हाच त्याला ऐकू यायला लागतं. अशा एका सुट्टीदिवशी मी वर्गाला डोळे मिटायला लावले. "आधी ऐका," मी म्हणाले. हे माझं नेहमीचं वाक्य. ध्वनीच्या प्रत्येक तासाची सुरुवात मी त्यानंच करते. "एक मिनिट काही बोलायचं नाही. मग काय काय ऐकू आलं ते सांगायचं."

पोरांनी सांगितलं. कबुतरं. कुकरची शिट्टी. कुणीतरी खोकतंय. नळाखाली बादली. लांबून एसटीचा भोंगा. मी विचारलं, "हे आवाज रोज नसतात का?" ती म्हणाली, नसत्यात. मी म्हटलं, असतात. रोज असतात. कबुतर रोज घुमतं, म्हातारं रोज खोकतं. मागांच्या आवाजाखाली ते झाकले जातात. आवाज होणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं.

"म्हंजे मोठ्या आवाजात बारका मरत न्हाय?" सोनालीनं विचारलं.

"मरत नाही. असतोच. मोठा थांबला की ऐकू येतो."

मग ती सहज बोलावं तसं बोलली, "म्हणून सुट्टीदिवशी आमच्यात शांत असतंय."

मला वाटलं, माग बंद असतात म्हणून शांत असतं, असं तिला म्हणायचं असेल. मी म्हटलं, बरोबर. आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्याच आठवड्यात मी वर्गाला तिच्या बापाच्या कारखान्यात नेलं. क्षेत्रभेट म्हणायचं, कागदावर चांगलं दिसतं. मालक आप्पा, पोट सुटलेला, बोलका माणूस. मी त्याच्या कानाशी ओरडून विनंती केली, एक मिनिट सगळे माग बंद कराल का, पोरांना फरक ऐकू दे. तो पोट धरून हसला.

"माग बंद? मॅडम, आमचा म्हातारा गेला तवा सुदीक बंद केलं नव्हतं. तिरडी भाइर, माग आत."

दत्ता जॉबरनं मात्र पोरांना फार छान दाखवलं. उंच, नीटनेटका, शर्टाची घडी न मोडलेला माणूस. बोलणंही नम्र. त्यानं एक मोडका धोटा पोरांच्या हातात दिला, त्याचं लोखंडी टोक दाखवलं, आणि मला म्हणाला, "ह्यो सुटला तर सरळ जातोय, मॅडम. मधी डोळा हाय का नाक हाय, बघत न्हाय." पलीकडे एका विणकराच्या भुवईवर आडवा व्रण होता; त्यानं तो हसून पुढे केला. दत्तानं पोरांना दोन हातांनी मागे सारलं. "लांब हुबं ऱ्हावा, पोरांनो. लागंल." मला बरं वाटलं. काळजी घेणारा माणूस आहे, असंच वाटलं.

मंगल मागच्या खोलीत कांड्यांच्या यंत्रापाशी बसली होती. डोक्यावरून पदर, तोही एका बाजूला जास्त ओढलेला. मी काही विचारलं की ती मान वळवून दुसरा कान पुढे करायची. मी ते पाहिलं. कारखान्यात सगळेच असं करतात, मी स्वतः करत होते. खोलीच्या दारात सोनाली उभी होती आणि तिची नजर आईच्या ओठांवर होती. त्या दोघी आवाज काढून काही बोलल्याच नाहीत, तरी दोघींचं काहीतरी बोलणं झालं.

मग होळीच्या आधी सोनाली दोन-तीन दिवस शाळेत आली नाही. परीक्षा तोंडावर होती. शिमग्यात पोरं दांडी मारतात हे मला ठाऊक आहे, पण ही दांडी मारणाऱ्यांतली नव्हती. संध्याकाळची एसटी सोडून मी कारखान्यावर गेले. गल्लीत होळीची लाकडं रचलेली, पोरांच्या गळ्यात टिमक्या, दर दोन घरांमागे एक बोंब. आप्पानं मला त्याच्या काचेच्या खोलीत बसवलं आणि चहा मागवला. मी ओरडून विचारलं, सोनाली कुठाय? तो ओरडून म्हणाला, असंल की हितंच.

आणि ती दिसली. मागच्या खोलीच्या दारातून आली, दोन रांगांच्या मधून, हातात टिमकी, ती दणादण बडवत. धावत एका विणकरापाशी गेली, तोंडावर हात मारून बोंब ठोकली, मागच्या खोलीकडे बोट केलं. तो हसला आणि त्यानंही तोंडावर हात मारला. ती दुसऱ्याकडे गेली. त्यानं तिची वेणी ओढली. तिसऱ्यानं बघितलंसुद्धा नाही, त्याचा धागा तुटला होता. शिमग्यात बोंब मारणाऱ्या पोरीकडे कोण बघतं? वर्षात आरडाओरडा करायला मोकळीक असते ती याच दिवसांत, आणि याच दिवसांत आरड्याओरड्याला काही अर्थ नसतो.

पण मी तिचा चेहरा पाहिला होता. तिला मी रोज बघते. तो खेळणारा चेहरा नव्हता.

मी उठले. आप्पाच्या कानाशी जाऊन ओरडले, "आत काहीतरी झालंय."

"व्हय व्हय, सांगितलाय चहा," तो म्हणाला.

मी काचेचं दार ढकलून शेडमध्ये शिरले. ओरडत होते, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. इतकी वर्षं वर्गात घसा फोडून कमावलेला माझा आवाज, पट्टी न आपटता साठ पोरं गप्प करणारा, तिथे कस्पटासारखा होता. सोनाली मधोमध उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टिमकीकडे. मग तिनं टिमकी फेकून दिली.

तिनं काय केलं ते मी पाहिलं, आणि का केलं तेही मला त्याच क्षणी कळलं. या आवाजाच्या वर चढेल असा आवाज तिच्यापाशी नव्हता, माझ्यापाशी नव्हता, कुणापाशीच नव्हता. ती भिंतीकडे धावली. कांड्यांची पेटी ओढली, तिच्यावर चढली, दोन्ही हातांनी मेन स्विचच्या दांड्याला लोंबकळली आणि तो खाली ओढला.

माग एकदम थांबत नाहीत. पट्टे थोडा वेळ फिरतात, एक धोटा जाऊन आदळतो, दुसरा अर्ध्यात अडकतो. मग काहीच नाही. कानात नुसता सुंऽऽ असा आवाज राहतो. आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून आवाज आला. फाट्. थोडं थांबून पुन्हा, फाट्. ओल्या कपड्याचा पिळा दगडावर आपटावा तसा. दुसरा कसलाही आवाज नव्हता, रडण्याचा नाही, ओरडण्याचा नाही. मारणाऱ्याला माग थांबल्याचं लगेच कळलंच नव्हतं. रागात होता, त्याला ऐकू येत नव्हतं.

आप्पा धावत आला. आधी वाटलं, मागच्या खोलीकडे जातोय. तो मेनकडे धावला. गल्लीतूनही माणसं आली, शेजारच्या शेडमधले मालक, जॉबर, सगळे. "काय झालं, फ्यूज गेला का?" बाई मार खातेय म्हणून इतकी वर्षं तिथे कुणी आलं नव्हतं. माग थांबला म्हणून सगळी आली.

"कुणी बंद केलं? सरक, ए पोरी," आप्पा म्हणाला.

सोनाली पेटीवरून उतरली नाही. दांड्याला पाठ लावून उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता, पण आता तो शेवटच्या मागापर्यंत जात होता.

"आदी ऐका," ती म्हणाली. "थांबा. आदी ऐका."

फाट्. सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर आतला आवाज बंद झाला, कारण आता त्यालाही कळलं होतं.

पहिल्या उठल्या त्या कांडीवाल्या बायका. बाहेरच्या ओसरीत सूत निवडत बसलेल्या, त्यातली एक तर म्हातारी. त्या आत घुसल्या. मीही गेले. दत्ता जॉबरच्या हातात मागाचा चामड्याचा पट्टा होता, धोट्याला झटका देणारा. शर्टाची घडी तशीच होती. मंगल भिंतीपाशी मुटकुळं करून पडली होती. पदराचा बोळा दातांत. पाठीवर पोलक्याच्या चिंध्या. कानातून रक्त आणि दुसरं काहीतरी वाहत होतं. आम्हाला बघून तो मला म्हणाला, "मॅडम, घरातली बाब हाय." तो नेहमीचा नम्र आवाज. म्हातारीनं त्याच्या हातातला पट्टा हिसकला आणि त्याच पट्ट्यानं त्याच्या तोंडावर मारलं. मग बायका तुटून पडल्या. केसाला धरून त्याला शेडमध्ये ओढलं, दोन रांगांच्या मधे पाडलं, लाथांनी, कांड्यांनी, हाताला येईल त्यानं बडवलं. विणकर बघत उभे होते. भुवईवर व्रण असलेला तेवढा पुढे आला, आणि तो सोडवायला आला नव्हता. मी मुलांना शिकवते की मारामारीनं काही सुटत नाही. त्या दिवशी मी ते म्हटलं नाही. मला प्रत्येक फटक्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता आणि मला बरं वाटत होतं. आजही वाटतं.

मंगल ओरडली ती यानंतर. मार थांबला होता, मी तिला धरून बसवलं होतं, सोनालीनं तिच्या दातांतला बोळा काढला होता. तेव्हा ती ओरडायला लागली. ती ओरड कुणाला थांबवता आली नाही. रिक्षा येईपर्यंत ती ओरडत होती, रिक्षात ओरडत होती. आप्पाचा हात मेनच्या दांड्यावर होता, पण तो वर करायची छाती त्याला झाली नाही.

पुढे पोलीस झाले, दवाखाना झाला. कानाचं ऑपरेशन झालं, पण एक कान गेला तो गेलाच. डॉक्टरांनी विचारलं, आत काही घातलं होतं का? सोनाली म्हणाली, "मी घालू दिलं न्हाय." बाप रोज संध्याकाळी स्वतः लसूण तापवून, तेल घेऊन बसायचा म्हणे, मारलेल्या कानात घालायला, मायेनं. ही पोर वाटी लाथाडायची आणि मार खायची. म्हणून ती शाळेत आली नव्हती. तेलानं कान सडतो हे मी तिला वर्गात सांगितलं होतं, ती का विचारतेय ते न विचारता. सातवीच्या धड्यातलं एक वाक्य एखाद्या पोरीला घरी नेऊन इतकं जपावं लागतं, हे मला शिक्षकीच्या कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

दत्ता जॉबर सुटला. हल्ली भिवंडीकडे असतो म्हणतात. त्या मायलेकी सीमेकडच्या गावी, मंगलच्या थोरल्या बहिणीकडे गेल्या. सोनाली त्या मावशीला अक्का म्हणते. पुढच्या जूनमध्ये मंगल एकटीच शाळेत दाखला न्यायला आली. दारातूनच बोलत आली, इतकी मोठ्यानं, की तीन वर्गांतली पोरं खिडकीशी जमली. आमचे मुख्याध्यापक स्वभावानं मऊ आहेत. ते म्हणाले, "जरा हळू बोला की, ताई."

"न्हाय बोलत," मंगल म्हणाली. "लई वर्सं हळूच बोलली." दाखला घेऊन ती मैदान ओलांडून फाटकाबाहेर गेली तरी तिचा आवाज येत होता. वाटेत भेटेल त्याला ती पोरीचं नाव सांगत होती, सोनाली आठवीत गेली म्हणून.

आता पुन्हा टिमक्या आल्यात. या आठवड्यात मी पुन्हा कातड्याची एक शोधून आणली, वर्गाबाहेर शेकली, तिच्यावर रवा नाचवला. पोरांनी तीच उत्तरं दिली. हाणल्यावर, मॅडम. काय बी हाणा की. पूर्वी मी हसत असे, आता हाणणं कुठून आलं ते आधी विचारते. माझ्या धड्यात आणखी एक बदल झाला आहे. 'आधी ऐका' हा तास मी लाईटच्या सुट्टीदिवशीच घेते, पण पोरांचे डोळे मिटवत नाही. ते ऐकत असतात तेव्हा मी त्यांचे चेहरे बघत फिरते.

काल लाईटची सुट्टी होती. एक मिनिट झालं. पोरांनी सांगितलं, कबुतर. कुकर. रिक्षा. कुणाच्या तरी मोबाईलवरचं गाणं. पुढच्या बाकावरचा एक मुलगा, नवीन आलेला, बाप उत्तरेकडून इथे विणायला आलेला, त्यानं हात वर केला आणि खिडकीबाहेर दाखवलं. पलीकडच्या गल्लीतून कसलातरी दबका आवाज येत होता. थांबून थांबून.

मी विचारलं, "तो कसला?"

"त्यो रोजचाच हाय, मॅडम," त्याच्या शेजारच्या मुलीनं सांगितलं. "त्यो नका लिहू फळ्यावर."

मी खडू ठेवला, मॉनिटरला वर्ग सांभाळायला सांगितला, आणि चपला घालून त्या आवाजाच्या दिशेनं निघाले.